वरचं शीत अन् खालचा भात

त्या दिवशी तांड्यावर जे होते ते असे. समाजशास्त्राचे गावंडे सर. गृहअर्थशास्त्राच्या मीनाक्षी मॅडम. बी.ए.च्या पोरी अकरा, त्यातल्या दोघीचंच नाव सांगतो, नसीम अन् वैशाली. बाकीच्या नऊ जनी आपापल्या घरी सुखी हायेत, त्याईले आपलं नाव छापलेलं आवडन का नाही ते मी इचारलं नाही. गाडीवाले रहीमभाई. तांड्याचे नाईक. गंगाबाई नावाची सासू. तिची सून, तिले मी कविता म्हनतो, खरं नाव येगळं हाये. अन् मी, जमना. कॉलेजच्या कागदावर त्या दिवशीच्या हजेरीत माहं नाव नाही, पन मी होती.

हे मी बोलून राह्यली अन् नसीम लिवून राह्यली. मले सही येते, बसची पाटी वाचता येते, त्याच्या पुढे नाही. मी म्हनलं, शुद्ध करून लिव. थे म्हने, मावशी, शुद्ध केलं तं तुमी कोठी राहान?

मी तांड्यातलीच, बंजारा. घरी आमची गोरबोली. मराठी शिकली निंदनाच्या बायाईत, अन् उरलेली कॉलेजात. नवरा गेला तवा मी तिशीच्या आत होती, पदरात एक पोरगी एक पोरगा. तालुक्याच्या कॉलेजात पानी भराले बाई पाह्यजे म्हनून कोनी सांगतलं, तं गेली. आधी रोजीनं, मंग पक्की. वर्ग झाडाचे, मडके भराचे, घंटा देयाची, ऑफिसातली नोटीस वर्गात न्याची. लोकाईले वाटते कॉलेज म्हंजे पोरं अन् पुस्तकं. मले इचाराल तं कॉलेज म्हंजे खडूची धूळ. सकाळी झाडा, दुपारी तेवढीच.

पन वऱ्हांडा झाडताना सारे इषय कानावर पडत. फी लागत नाही त्याले. एका खिडकीत समाजशास्त्र, तिच्या बाजूले इतिहास, पल्याड मानसशास्त्र, शेवटच्या खोलीत आरोग्य अन् आहार. पहिल्या वर्साले जे शिकवत थे दरसाली तेच, म्हनून मले पाठ झालं. पोरं एकदा आयकत, मी अठ्ठावीस खेपा आयकलं. मले समजलं थे असं: इतिहासात काय सांगतलं हे मांगून पाहाचं, कोनं सांगतलं हे आधी. मानसशास्त्र म्हंजे मानूस जे बोलते अन् जे करते त्यातला फरक. आरोग्य म्हंजे नुसतं औषध नाही, चुलीपासून मोरीपर्यंत सारं. अन् समाजशास्त्र म्हंजे आपल्याले जे रोज दिसते अन् कोनी पाहात नाही.

एकदा गावंडे सर सांगून राह्यलते, सर्वे करताना साऱ्या गावाले इचाराचं काम नाही, थोडे घरं निवडाचे, त्याले नमुना म्हनतात. भात शिजला का पाहाले आपन एकच शीत दाबतो ना, तसं. मी दारात पान्याचा गिलास घेऊन उभी होती. माह्या तोंडातून निंगून गेलं का सर, वरचं शीत दाबलं तं वरचाच भात समजते, खाली करपला असन तं?

पोरी हासल्या. सर हासले नाही. खडू खाली ठेवून म्हने, “जमनाबाई, हे मी उद्या शिकवनार होतो.”

तवापासून सर्वेले मले न्याले लागले. त्याचं दुसरंबी कारन होतं. पोरीचे मायबाप इचारत, सोबत बाई कोन? मॅडम नवीन, बाहेरगावच्या, त्याईले कोनी ओळखत नसे. मले सारे ओळखत. नसीमचे अब्बा मोटारपंप अन् ट्रॅक्टर दुरुस्त करतात, हात कायम काळे. ते गेटवर आले, पोरीकडे न पाहता मले म्हने, “बाई, बच्ची तुमच्या भरोशावर हाये. नजरेच्या बाहेर जाऊ देजा नका.” मी हो म्हनलं. नसीम त्याईच्या खानदानातली पहिली पोरगी कॉलेजात आलेली.

आता हे काम कसं असते थे सांगतो, कारन ज्याईनं केलं नाही त्याईले वाटते, कागद घ्या, इचारा, लिवा. तसं नसते. बाया घरी असतात कवा? कापूस येचून आल्यावर, सैपाकाच्या आधी. तेवढ्याच टायमात जा. खुर्ची देल्ली तरी खाली बसा. पेन लगेच काढू नका, पेन पाह्यलं का मानसाले तलाठी आठवते. “मुलं किती?” असं इचारू नका. एका बाईनं दोन सांगतले, अन् अंगनात चार पोरी खेळून राह्यलत्या. मी म्हनलं, ह्या कोनाच्या? थे म्हने, माह्याच, पन तुमी मुलं इचारले ना. म्हनून “लेकरं किती” म्हनाचं, अन् मंग हळूच, “झाले किती, राह्यले किती.” अजून एक, सासू बसली असन तं सून बोलत नाही. सासूले उठवाचं नाही, तिचा मान असते. तिले दुसऱ्या कामाले लावाचं.

त्या दिवशीचा तांडा महागावच्या पुढे होता. नाव सांगत नाही. सरच म्हनत, ज्यानं सांगतलं त्याचं नाव झाकाचं. तांड्यातले बहुतेक गडी ऊसतोडीले गेलते. म्हातारे, बाया अन् लेकरं, एवढेच घरी. नाईकाच्या वट्यावर आमी बसलो. सरनं हात जोडून, मोठ्या आदरानं सांगतलं का आमी अभ्यासाले आलो, अन् तुमचा तांडा आमी नमुना म्हनून निवडला.

नाईक उठूनच उभे राह्यले. पांढऱ्या मिशा, डोक्याले लाल फेटा.

“नमुना? आमी काय नमुने दिसतो तुमाले?”

सर म्हनले, तसं नाही हो. नाईक म्हनले, मंग कसं? आमच्याकडे येड्या मानसाले म्हनतात नमुना. कॉलेजात कशाले म्हनतात? सर पुस्तकातलं सांगाले लागले तं अजूनच बिघडलं. मंग मी गोरबोलीत सांगतलं, नाईकदादा, कापसाच्या गाठीतून मूठभर काढून पाहात नाही का बेपारी, तसं. नाईक खाली बसले. पन म्हनले, मूठभर कापूस परत देत नाही बेपारी, थ्याचं काय? तरी त्याईनं इचाराची परवानगी देल्ली. कुरकुरत देल्ली.

पोरी जोडीजोडीनं निंगाल्या. साऱ्या रस्त्याच्या बाजूचे घरं पकडत होत्या, पक्के, रंगवलेले. मी नसीम अन् वैशालीले म्हनलं, चला खाली, नाल्याकडे. तठी टिनाचं शेवटचं घर होतं. गंगाबाई अंगनात शेळीले पाला घालून राह्यली होती. सून दारात, पोट पुढे आलेलं. पाचवा का सहावा महिना असन म्हनून मी इचारलं. गंगाबाई म्हने, आठवा.

नसीमनं कागद काढला. तिचं अक्षर मोत्यासारखं, आताबी तसंच हाये. दवाखान्यात नाव नोंदवलं का? गंगाबाई म्हने, हो. गोळ्या खाते का? हो. घरात कोनाले काही आजार? गंगाबाई म्हने, “काई छेनी.” म्हंजे काही नाही. सुनेले तरास? काई छेनी. जेवन? काई छेनी, म्हंजे तक्रार काही नाही. नसीमनं सारं लिवलं अन् खाली रेघ मारली. कागद देखना झालता. परीक्षेत चांगले मार्क भेटले असते त्याले.

मी सुनेच्या पायाकडे पाहून राह्यली होती. आमच्या जुन्या बायाईच्या अंगावर चुडे अन् घुगऱ्या राहात, पन आताच्या सुना साडी नेसतात, मंगळसूत्र अन् जोडवी घालतात. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. पायाच्या बोटात जोडवी नव्हती. जोडव्याच्या जागी पांढरा वळ होता अन् त्याच्या दोन्ही बाजूनं बोट फुगून आलतं. नवरा ऊसतोडीले गेलेला, धडधाकट. अशात कोनती बाई जोडवी काढते? जिले बसत नाहीत थेच.

मी वैशालीले खुनावलं. थे इतिहासाची पोरगी. गंगाबाईजोळ बसली अन् म्हने, आजी, तांडा बैलावर मीठ अन् धान लादून फिरे तवाचं तुमाले कोनं सांगतलं का? बस. गंगाबाईचा चेहरा उघडला. तिच्या आजीनं तिले सांगतलेलं, थे सांगाले लागली, कोनता घाट, कोनती नदी, कोनत्या बैलाचं काय नाव. वैशाली खरंच लिवत होती, नाटक नव्हतं थे. पुढे तिनं त्याच्यावरच परीक्षेचं लेखन केलं.

मी अन् नसीम सुनेजोळ आत गेलो. मी तिच्या बोलीत इचारलं, छोरी, जोडवी कवा काढली? थे म्हने, दिवाळी झाल्यावर. साबन लावून काढली, याडी, रक्त आलं. याडी म्हंजे माय. डोकं दुखते का? थे म्हने, दुखते, पन पट्टी बांधतो. डोळ्याले कसं दिसते? म्हने, दोन दिवसापासून काजवे दिसतात, दिवसा.

नसीमचा पेन थांबला. थे म्हने, मंग सासू आजार नाही म्हनली तवा तू काहून सांगतलं नाही?

कविता म्हने, “आजार कोठी हाये? मी पडली कोठी? पानी आनतो, भाकरी करतो.”

हे समजून घ्या. आमच्यात जो पडला थो आजारी. जो उभा हाये त्याले आजार नाही. थे खोटं बोलत नव्हती, सासूबी खोटं बोलत नव्हती. सवाल एका मराठीत होता अन् जवाब दुसऱ्या मराठीत. शहरात आजार म्हंजे दुखनं. तांड्यात आजार म्हंजे खाटलं.

नसीम पळत जाऊन मॅडमले घेऊन आली. मॅडमकडे पोरीले शिकवाले आनलेलं मशीन होतं, हाताले पट्टा गुंडाळून बीपी पाहाचं. त्याईनं एकदा पाह्यलं, पट्टा सोडला, परत बांधला, परत पाह्यलं. आकडा मले समजत नाही. मॅडमचं तोंड समजलं. त्या हळूच म्हनल्या, आत्ताच न्या लागन, उद्या नाही. असं राह्यलं तं झटके येतात, बाई बी जाते अन् लेकरू बी.

गंगाबाई आडवी आली. तिचंबी खरं होतं, मी तिले दोष देत नाही. पोटुशी बाईचे पाय सुजतातच, थे म्हने, माहेबी सुजले होते, अन् पोरगा झाला. पोरगा घरी नाही, फोन लागत नाही, उद्या काही झालं तं थो मलेच इचारीन का माय, कोनाच्या भरोशावर नेऊ देल्लं? चार तासाची ओळख नाही तुमची. कागद घेऊन आले अन् सून घेऊन चालले?

मॅडमनं समजावलं. सरनं समजावलं. थे दारात बसली, उठेना. तांड्यातल्या बाया जमल्या. एक म्हने, आठव्यात गाडीत बसवाचं नाही, रस्त्यानंच होईन. कविता आतून आमच्याकडे पाहून राह्यली होती.

मंग मी गंगाबाईच्या बाजूले दारातच बसली. हे मी कोनाले सांगतलं नव्हतं. कॉलेजात एवढे वर्स काढले, कोनाले नाही. मी म्हनलं:

“गंगाबाई, माही सुभद्रा अशीच होती. पाय असेच. दवाखान्याची बाई घरी आलती, तिनं इचारलं, पोरीले काही तरास? मीच म्हनलं, काई छेनी. सुभद्रा माह्या मांगे उभी होती, तिले बोलूच देल्लं नाही मी. आठ दिवसानं गेली.”

एवढंच. गंगाबाईनं मले पाह्यलं. थे म्हने, लेकरू? मी म्हनलं, थेबी.

थे उठली. आत गेली, सुनेची लुगडी पिशवीत कोंबाले लागली. मंग दारात येऊन थबकली अन् म्हने, मी बी येतो, पन माह्या शेळ्या?

नाईक तठीच उभे होते, कवाचे. म्हनले, “शेळ्या मी पाहतो. जा तू. आमी काय, नमुने हावोच, शेळ्या राखू.”

अन् साऱ्या बाया हासल्या, गंगाबाईबी हासली, रडता रडता. सरचं तोंड लाल झालतं.

गाडी एकच. सर दहा पोरी घेऊन तांड्यावर थांबले, बस धरून येतो म्हनले. गाडीत कविता, गंगाबाई, मॅडम अन् मी. मी बसली अन् मले नसीमचे अब्बा आठवले. नजरेच्या बाहेर नाही, असं मी कबूल केलतं. मी नसीमले म्हनलं, चल. थे मांगच्या सीटवर कविताचं डोकं मांडीवर घेऊन बसली, ओढनीनं वारा घालत. रहीमभाईनं खड्डे चुकवत गाडी अशी नेली का जशी अंड्याची टोपली नेऊन राह्यला. तालुक्याच्या दवाखान्यात सुई देल्ली अन् सरकारी गाडीनं यवतमाळले पाठवलं. मॅडम अन् गंगाबाई तिच्यासंग गेल्या.

नसीमले घरी सोडाले मी गेली तं दिवस बुडाला होता. तिचे अब्बा दारात. मी म्हनलं, भाईजान, उशीर माह्यामुळे. नसीमनं सारं सांगतलं. थे आयकून घरात गेले अन् पोरीसाठी नाही, माह्यासाठी पानी घेऊन आले. पुढच्या सालच्या सर्वेले गाडीचं इंजिन त्याईनंच पाहून देल्लं, अन् सांगतलं, अबके दूर के गाँव जाओ.

कविता वाचली. लेकरू आधीच काढा लागलं, एवढुसं, ओंजळीत मावन एवढं. पोरगी. बरेच दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवली होती. आता थे शाळेत जाते. गंगाबाईले पोरगा पाह्यजे होता, थे लपवनार नाही मी. पन नाव तिनंच ठेवलं. काय ठेवलं थे सांगतलं तं मीच रडीन, म्हनून राहू द्या.

आता कागदाचं सांगतो. नसीम त्या कागदावर “काही नाही” खोडून काजवे-डोकेदुखी लिवाले गेली, तं सरनं हात धरला. म्हने, त्याईनं जे सांगतलं थे खोडाचं नाही. थे बी खरं हाये. खाली लिवा, आपन काय पाह्यलं. मले हे फार आवडलं. मानूस जे बोलला थे राहू द्याचं, अन् आपले डोळेबी राहू द्याचे.

पन मंग सरनं एक चूक केली, माह्याच कौतुकात केली. पुढच्या सालच्या छापील कागदावर नवा सवाल टाकला: पायात जोडवी आहेत का? मी फुगली. तिसरी नापास बाईचा सवाल छापून आला म्हनून साऱ्या स्टाफले दाखवला. कळंबकडच्या एका गावात एक नवी पोरगी घरात गेली अन् खाली मान घालून एकामांगे एक सवाल वाचत गेली. समोर तिशीतली बाई. जोडवी आहेत का? थे बाई उठली, आत गेली अन् दार लावून घेतलं. नवरा जाऊन तिले महिनाच झालता.

पोरीचा दोष नव्हता. तिले थो सवाल कायले होता हेच माहीत नव्हतं. मी बाहेर अंगनात उभी, मी सोता विधवा, अन् माह्याच सवालानं तिले मारलं. मी दाराबाहेरून माफी मांगतली. दार उघडलं नाही. त्या बाईचं मले आताबी वाईट वाटते.

मी सरले म्हनलं, काढा थो सवाल. तवा माहा सवाल नव्हताच थो, माही नजर होती. नजर छापली का सवाल होते, अन् सवाल आंधळा असते. सरनं काढला. त्या जागी लिवलं: विचारण्याआधी पाय पाहा. मॅडमनं जोडलं, अन् चेहरा. तेवढं अजून हाये म्हनतात.

मी रिटायर झाली. माह्या जागी कोनाले भरलं नाही. नसीम आता नर्सिंगचं शिकवते, पोरीले घेऊन तांड्यावर, कोलामाच्या वस्तीवर, म्हंजे पोडावर जाते, झरी जामणीपर्यंत. तिच्या पोरी पेनाआधी पाय पाहातात, हे मी डोळ्यानं पाह्यलं. पन आमच्या कॉलेजचा सर्वे आता फोनवर होते. ओळखीच्याले लिंक पाठवतात, ओळखीचे बोट लावतात. पोरी म्हनतात, मावशी, घरचे जाऊ देत नाहीत, सोबत बाई नाही. मी गेल्या साली दोन खेपा गेली. गुडघे म्हनतात आता बस. तरी यंदाबी जाईन, काठी घेऊन.

म्हनून जे कोनी हे वाचून राह्यले त्याईले एवढंच सांगनं हाये. तुमची पोरगी कागद घेऊन दूरच्या वस्तीवर जातो म्हनली, तं सोबत कोन हाये, हे इचारू नका. चपला घाला अन् तिच्यासोबत तुमी जा.